टाकु नका

अख्तरबानूंच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. आमच्या छापखान्यात त्या पुस्तकं बांधायच्या, मी मुद्रितं तपासायचो. निवृत्तीनंतर त्या कात्रजच्या तळ्याचा काठ राखू लागल्या. "पाटीचा मजकूर तपासून द्या," एवढीच विनंती: 'निर्माल्य तळ्यात टाकु नका.' 'टाकू' दीर्घ हवं. पण 'नका' बरं की 'नये', हे माझं ठरेना. काल लाजत तळ्यावर गेलो. पाटीवर 'टाकु' ऱ्हस्वच रंगवलेलं होतं. पण काठावर एकही पिशवी नव्हती. जलपर्णीऐवजी पाण्यात आभाळ दिसत होतं. गुडघाभर पाण्यातून अख्तरबानू म्हणाल्या, "अहो परचुरे, तुमचे ऱ्हस्व-दीर्घ ठरेपर्यंत तळं बुजलं असतं!" एवढ्यात एका गृहस्थांनी पाटी वाचली आणि पाण्याकडे नेलेले हार मुकाट्याने निर्माल्यकलशात टाकले. घरी येऊन पत्राच्या समासात आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं, 'एकही दुरुस्ती नाही', आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.