दीपगृहाच्या पायऱ्या

पुस्तकाची तीन पानं उरली होती आणि सुट्टीचे दोन दिवस.

संस्कृती उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या, भाऱ्यावर बसून मोठ्यानं वाचत होती. समोर तेलगावकडचा ऊस उभा होता. वारा आला की पाती एकमेकींवर घासत आणि पुस्तकातला समुद्र जवळच कुठंतरी वाजायला लागे. फडात वाकलेल्या सात बायांपैकी एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. पण दीपगृहात एकटी राहणारी पुस्तकातली बाई सहा दिवसांत त्यांच्या टोळीतलीच होऊन गेली होती. ती रोज दिवा लावायची, न येणाऱ्या जहाजाची वाट बघायची, आणि या बाया ऊस तोडता तोडता तिची काळजी करायच्या.

"तेल पुरंल का गं तिला?" म्हातारी भिवराबाई म्हणाली.

"पुरंल, आजी. ऐका तर."

"फौजदारीण कवा यायची?" चंद्रभागाबाईनं विचारलं. तिनं हे रोज विचारलं होतं.

अंबाजोगाईच्या होस्टेलातल्या मैत्रिणींनी संस्कृतीला सुट्टीची यादी दिली होती. त्यात चार मालिका होत्या आणि हे एक पुस्तक. पहिल्या मालिकेचे दोन भाग सगळ्यांनी राहायच्या खोपटापुढं, कोपीपुढं, बसून मोबाइलवर पाहिले. त्यात बुलेटवरून फिरणारी एक फौजदारीण होती. मग नेट संपलं आणि पुस्तक सुरू झालं. चंद्रभागाबाईच्या डोक्यात मात्र ती सगळी एकच गोष्ट होती.

"मावशी, फौजदारीण दुसऱ्यातली. ती यात न्हाई."

"दुसऱ्यातली म्हून काय झालं? बाई एकटी हाय तिथं. यायला नगं का तिनं?"

बाया हसल्या. संस्कृतीची आई, मंगल, हसली नाही. ती पानांकडं बघत होती. उजव्या हाताची पानं जवळजवळ संपली होती.

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब धरतात. मंगलच्या नवऱ्याच्या, रामेश्वरच्या, पायावर घाव बसला, तो कोपीत पडून राहिला आणि मंगल अर्धा कोयता झाली. मुकादम बंकटनं लगेच संस्कृतीकडं बोट केलं होतं. पोरगी सुट्टीवर आलीच आहे, तर बापाच्या जागी उभी राहू दे. मंगलच्या तोंडून शब्द निघायच्या आत भिवराबाई बोलली होती, "ती वाचंल. तिच्या वाटचा ऊस आमी तोडतो." बंकट हसला होता. "बरं. पुस्तक हाय तवर. पुस्तक संपलं की कोयता."

रामेश्वरचा कोयता संस्कृतीच्या भाऱ्याशेजारीच जमिनीत रोवून ठेवला होता. मुठीला चिंधी गुंडाळलेली होती. मंगलनं स्वतः चौदाव्या वर्षी असाच एक कोयता हातात घेतला होता. दोनच दिवसांसाठी.

ऊन उतरलं. पाचटावरची धूळ सोनेरी दिसायला लागली. संस्कृतीनं शेवटची ओळ वाचली, "दूर पाण्यावर एक उजेड हलला. जहाजाचाच असावा."

त्याखाली काही नव्हतं. तिनं पान उलटलं. तिथंही काही नव्हतं.

ती गप्प झाली तसे कोयतेही गप्प झाले. ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या बंकटनं मान वर केली.

"संपलं का गं?"

वारा पडला होता. समुद्रही वाजत नव्हता. संस्कृतीनं बाजूच्या कोयत्याकडं पाहिलं. मग पुस्तक जरा छातीशी घेतलं आणि डोळे त्या कोऱ्या पानावर ठेवून तिनं वाचायला सुरुवात केली.

"जहाज आलं. किनाऱ्याला लागलं. फळी टाकली. आणि जहाजातून सगळ्यात आधी खाली उतरली ती… फौजदारीण."

"आगं बाई!" चंद्रभागाबाईनं कोयता खाली टाकला. "म्या म्हणलं न्हवतं? सहा दिस झाले सांगतेय, येणार हाय म्हून! कुणी ऐकंल तर!"

"बुलेट आणली का गं संगं?" कुणीतरी विचारलं.

"आणली," संस्कृतीनं वाचलं. "बुलेट तिनं वाळूत उभी केली."

कोयते पुन्हा चालायला लागले. मंगल पाणी प्यायला आली. घागर कलती करताना ती लेकीच्या मागं वाकली आणि तिची नजर पुस्तकात गेली. मंगलला अक्षर येत नव्हतं. पण उभं रान कोणतं आणि मोकळं रान कोणतं, हे तिला लांबूनही कळायचं.

ती तशीच उभी राहिली. घागरीतलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं.

"काय झालं मग फुडं?" म्हणत बंकट पाचट तुडवत इकडंच यायला लागला. त्याला वाचता येत होतं.

मंगलनं घागर ठेवली. शेजारची मोळी उचलून डोक्यावर घेतली आणि बंकट अन् पुस्तक यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. उसाची लांब सावली संस्कृतीवर पडली.

"जरा हात लावा की, मुकादम. मोळी कलती झालीया."

बंकट मोळीला हात लावायला थांबला. मंगल मान न वळवता लेकीला हळूच म्हणाली, "पान उलट. लई येळ एकाच पानावर हाईस."

संस्कृतीनं पान उलटलं. पुढचंही पांढरंच होतं. वारा पुन्हा सुटला, आणि फौजदारीण दीपगृह चढायला लागली. दीपगृहाला दोनशे पायऱ्या होत्या, आणि ती प्रत्येक पायरीवर थांबत होती.