झिप्रूचा डावा डोळा

इशिता कॉलेजला गेली आणि तिचा रंग बदलणारा सरडा, झिप्रू, अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या घरी तिच्या आईच्या, शुभाच्या गळ्यात पडला. कोणता पाहुणा किती जेवला, हे शुभाच्या वर्षानुवर्षं लक्षात असतं. झिप्रूलाही तिने पाहुण्यासारखं वाटीत पाणी ठेवलं, आणि आठवड्यात तो डोळे मिटून पडला.

प्राण्यांच्या डॉक्टरने सांगितलं, की साचलेलं पाणी त्याला कळतच नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो. शिवाय त्याला ठेवलंय त्या काचेच्या पेटीत हवा कोंडते.

शुभा ओशाळली. तिने जाळीचा उंच पिंजरा आणला, आत मनी प्लांट सोडला आणि रोज दोन वेळा पाण्याचा फवारा सुरू केला.

"माझ्या तापात एवढं नव्हतं केलंस," तिचे यजमान अरुणराव सोफ्यावरून म्हणाले.

"तो कुरकुरत नाही हो."

चौथ्या दिवशी झिप्रूने थेंब चाटले आणि डोळे उघडले. उजवा डोळा शुभावर होता. डावा मात्र, दारातून आत चालत येणाऱ्या कुणाला बघत राहावं, तसा सावकाश फिरत गेला.

"माशी असेल," अरुणराव म्हणाले. बाहेर गुडघाभर बर्फ होतं.

रोज त्या डोळ्याची नजर शुभाच्या आणखी जवळ येऊन थांबू लागली. आज फवारताना ती शुभाच्या खांद्यामागे थांबली. मग उजवा डोळाही तिकडेच वळला. झिप्रू काळा पडला आणि पानांत मागे सरकला.

"घाबरलास होय रे?" शुभा हसली.

अरुणराव हसले नाहीत. ते उठून उभे राहिले होते.

"शुभा," ते हळूच म्हणाले, "मागे न बघता माझ्याकडे ये."