तिच्यापुरतं मलम

मुरुमांनी तिचा पिच्छा काही सोडला नव्हता. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी खास तिच्या त्वचेसाठी मलम बनवून दिलं आणि बजावलं, "रोज लावा. दुसऱ्या कुणाला यात बोट घालू देऊ नका."

"कोण घालणार? एकटीच तर राहते," ती म्हणाली. धाकटी बहीण देवाघरी जाऊन वर्ष झालं होतं.

तिसऱ्या सकाळी डबीत बोटाचा खड्डा दिसला. तो इतका अरुंद होता, की तिचं बोट त्यात मावेना. धाकटी अशीच तिच्या क्रीमवर डल्ला मारायची आणि पकडली गेली की खी खी हसत सुटायची.

तिने स्वतः मलम लावणंच सोडलं. उठल्याउठल्या डबी उघडायची, आणि नवा खड्डा दिसला की मगच तिचा जीव भांड्यात पडायचा.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. "वा! गाल अगदी स्वच्छ झालेत. नेमाने लावताय म्हणजे."

डॉक्टरीणबाईंनी भिंग आणखी जवळ नेलं.

"फक्त इतकं दाबून चोळू नका हो. हे बघा, बारीक बोटांचे वळ उठलेत."

तिने अलगद तळहाताने गाल झाकून घेतला.

"सांगते तिला," ती म्हणाली.