अकराशे तीनपुढची खूण

आमच्या भाड्याच्या फ्लॅटच्या दारावर घरमालकांच्याच नावाची पाटी होती. आई सारखी मागे लागायची, "अरे, आपलंही नाव लाव की." मी म्हणायचो, "करारात खिळा ठोकायला मनाई आहे, आई."

त्या दुपारी समोरच्या दुकानदाराचा फोन आला, बिल्डिंगला आग लागलीय म्हणून. आईचे गुडघे गेलेले, ती लिफ्टशिवाय उतरत नसे. फोनही उचलत नव्हती. मी पोहोचलो तेव्हा सगळे रहिवासी रस्त्यावर उभे होते आणि सोसायटीचे सेक्रेटरी वहीत एकेका घरापुढे खुणा करत होते.

"अकराशे तीन?" मी विचारलं.

त्यांनी वहीवरून बोट फिरवलं. आमच्या नंबरपुढे बरोबरची ठसठशीत खूण होती. "सुखरूप. मी स्वतः फोनवर बोललोय."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी यादी पूर्ण झाल्याचं अग्निशमनच्या साहेबांना सांगितलं आणि गाडीवरची उंच शिडी हळूहळू मिटायला लागली. मी गर्दीत आईला शोधायला लागलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरलो आणि परत सेक्रेटरींपाशी आलो.

"फोनवर काय म्हणाली ती? कुठे थांबलीय?"

 

"ती कोण? वहीत घरमालकांचा नंबर आहे. ते त्यांच्या बंगल्यावर आहेत, एकदम सुखरूप."