गाडी काही सांगत नाही

"कडक शॉक घाला, मावशी. असतील ते सगळ्यात कडक," चष्मेवाला म्हणाला. लाल गाडीच्या बॉनेटवर त्याने हात ठेवला होता.

गॅरेज मावशींचं. गाड्यांचे धक्के शोषणारे शॉक, स्प्रिंगा, खालचे सांधे, हेच काम त्या तीस वर्षं करत आल्या होत्या. सगळे त्यांना शॉकवाल्या मावशी म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही.

"आधी झालं काय ते सांगा," त्या म्हणाल्या.

"गाडी काही सांगत नाही हो. पूर्वी खडी आली, ओलं आलं, ब्रेक किती लागला, सगळं पायाला कळायचं. आता गादीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं."

मग त्याने मागच्या मंगळवारचं सांगितलं. सकाळी तो लेकीला शाळेत सोडायला गेला होता. रोजच जायचा. ही दोन दारांची चपळ गाडी त्याने हौसेने घेतली होती, पण राबत होती ती दुकान आणि शाळा यांच्यामध्येच. शाळेच्या फाटकापुढे मुलांची रांग रस्ता ओलांडत होती. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली ती शेवटच्या मुलीच्या दप्तरापासून वीतभर अंतरावर. त्याची अकरा वर्षांची लेक शेजारी बसली होती. तिने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. तेच त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. ब्रेक त्याने दोन ठिकाणी दाखवून घेतले. दोघांनीही ब्रेक नव्यासारखे आहेत म्हणून सांगितलं. म्हणजे दोष शॉक-स्प्रिंगांच्या खालच्या बांधणीतच, असं त्याने ठरवून टाकलं आणि आठवडाभर मोबाईलवर वाचून बदलायच्या भागांची यादी केली. मावशींनी ती हात लांब धरून वाचली.

"आखूड स्प्रिंगा? गाडी दिसेल झकास आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर पोट घासेल. सांध्यांतलं रबर काढून लोखंडी बुश? लेकीचा खुळखुळा करायचाय का? अहो, रोजच्या गाडीला चांगले शॉक, ताजं रबर आणि बरे टायर, एवढं पुष्कळ झालं. बाकीचा नुसता थाट. आणि तुमचे शॉक मी मागच्याच वर्षी घातलेत."

"ते गेले असतील."

"माझे? एका वर्षात?"

"गेलेच असतील, मावशी. बघा तरी."

त्याचा आवाज ऐकून मावशींनी चेष्टा आवरती घेतली. गाडी स्वतः फिरवल्याशिवाय त्या कुणाला एक नटसुद्धा विकत नसत, आणि फिरवायच्या त्या अनवाणी. त्यांनी चपला काढल्या आणि गाडी बाहेर नेली.

चष्मेवाला दारात उभा राहिला. काहीतरी बिघाड निघू दे, एवढंच त्याचं मागणं होतं. बिघाड निघाला की तो दुरुस्त होतो. निघालाच नाही तर उद्या सकाळी लेकीला शेजारी बसवून त्याच फाटकापुढे जायचं कसं?

दहा मिनिटांनी मावशी आल्या. "गाडी उत्तम आहे. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला तरी पायाला कळतं."

"मग मला का कळत नाही?"

मावशींनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "हे एवढ्या जाड तळाचे बूट घालून काय कळणार, कप्पाळ! काढा ते. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते."

बूट! त्याच्या जिवात जीव आला. एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, असं म्हणत त्याने बाकावर बसून बूट काढले, मोजे काढले. मावशींनी गाडीच्या दारापर्यंत पुठ्ठा अंथरला. "लोखंडाचा कीस पडलेला असतो, यावरूनच या," असं म्हणून त्या हात धुवायला वळल्या. पण त्याला कुठला धीर? तो लोखंड कातायच्या यंत्राजवळून सरळ निघाला, पुढे पुठ्ठ्यावर चढला आणि गाडीत जाऊन बसला. एक पाय अजून बाहेरच होता.

"मावशी," तो म्हणाला, "तुमच्या पुठ्ठ्यावर रंग सांडलाय. लाल."

मावशींच्या गॅरेजात रंगकाम होत नसे. त्या आल्या. ठिपक्यांमागून ठिपका बघत दारापर्यंत पोचल्या, खाली बसल्या आणि त्याचा पाय त्यांनी मांडीवर घेतला. तळव्यात बोटभर लांबीचा पोलादाच्या किसाचा पीळ शिरला होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून ओढून काढला.

"दुखलं?"

"काय?" चष्मेवाल्याने विचारलं.

मावशींनी तो पीळ त्याच्यासमोर धरला. त्याने पिळाकडे पाहिलं, मग पायाकडे. दुसरा पाय वर घेऊन त्याने तळव्यात अंगठ्याचं नख रुतवलं. मग आणखी जोरात रुतवलं. तिथेही काही कळलं नाही.

"अहो, घाबरू नका. आधी डॉक्टर गाठू," मावशी म्हणाल्या.

तो शेजारच्या सीटवर सरकला.

"आधी शाळा," तो म्हणाला. "लेकीला आणायचंय, सुटायला वीस मिनिटं आहेत. चालवा तुम्ही. फाटकापुढे सगळी पोरं उभी असतील."