पोकलेनचा दोष

अंकुश मिस्त्रीने ऑइलचा थेंब तळहातावर घेतला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला. जळका वास नाही. कचकच नाही. फिल्टर उघडून पाहिला, तोही स्वच्छ. एरवी फिल्टरमध्ये मूठभर घाण निघाली की तो मालकाच्या नावाने बोटं मोडायचा. आज ती निघावी म्हणून तो वाट बघत होता.

पोकलेन बोईसरच्या एमआयडीसीबाहेर, अर्धवट खणलेल्या गटाराशी उभं होतं. देवू गेला त्या सकाळपासून त्याला कोणी हात लावला नव्हता. पोकलेनचा खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग म्हणजे बूम आणि कोपराच्या पुढचा आर्म, त्याच्या टोकाला बकेट. देवू बकेटच्या पिनेला ग्रीस मारत होता. पिन मोकळी व्हावी म्हणून ड्रायव्हर प्रदीपने केबिनमधून बूम जरासा उचलायला घेतला. बूम जागचा हलला नाही. आर्म आत आला. देवू बकेट आणि पोकलेनच्या चाकांवरची लोखंडी चेन यांच्या मध्ये सापडला.

देवू म्हणजे प्रदीपच्या सख्ख्या बहिणीचा, मंगळीचा नवरा. त्याला कामावर आणला प्रदीपनेच.

"आर्म आपसूक आला," एवढंच तेव्हापासून प्रदीप बोलत होता. पोलिसांना तेच, मालकाला तेच, पाड्यावरच्या माणसांनाही तेच. सासरच्यांनी मान हलवली आणि मंगळीचं बोचकं बाहेर काढून ठेवलं. तिला राहायला आता भावाचं घर तेवढं उरलं होतं. पण आज ती स्वतः आली होती. मशीनचा दोष हाय असं मिस्त्रीच्या तोंडून ऐकीन तं तुझ्या घरात येईन, नाय तं तुझ्या दारात पाय नाय ठेवणार, असं तिने भावाला सरळ सांगितलं होतं. ती मातीच्या ढिगाऱ्यावर बसली होती. प्रदीप मशीनकडे पाठ करून उभा होता.

अंकुशने पाइप तपासले, जोड तपासले, सिलिंडरच्या दांड्यावर बोट फिरवलं. कुठे ओल नव्हती. मग तो केबिनमध्ये चढला, मशीन चालू केलं आणि बूम उचलायला उजव्या हाताचा लिवर हलकेच ओढला.

आर्म आत आला.

त्याने लिवर सोडला. आर्म जागच्या जागी थांबला. दोष सापडला होता आणि तो दोष नव्हताच.

काही ड्रायव्हर बूम उजव्या हाताने उचलायला शिकलेले असतात, काही डाव्या. दोघांची सोय म्हणून सीटमागे एक खटका असतो. तो फिरवला की हातांची कामं बदलतात. रात्रपाळीचा ड्रायव्हर डाव्या हाताचा. जाताना त्याने खटका परत फिरवायचा, आणि सकाळी बसणाऱ्याने तो आधी बघून घ्यायचा. त्या दिवशी एक विसरला आणि दुसऱ्याने बघितलं नाही. मशीन बिचारं सांगितलं ते करून मोकळं झालं.

अंकुशने सीट सारखी केल्याचं नाटक केलं, हात मागे नेला आणि खटका फिरवला. लोकांच्या मशीनची खोटी दुखणी काढणारे मिस्त्री त्याने पुष्कळ पाहिले होते. आपण त्यांच्यातले नाही, याचा त्याला तोरा होता. तो तोरा त्याने त्या क्षणी गिळला. बूम वर केला, खाली केला, मशीन बंद केलं आणि उतरून तो मंगळीसमोर आला.

"मशीनचा दोष आहे, ताई. आतल्या वॉल्वमध्ये कचरा अडकला होता. वॉल्व अडकला की आर्म आपोआप येतो. कोणाच्याही हातून झालं असतं."

मंगळीने पदराने तोंड पुसलं. तिचा चेहरा बघून अंकुशला वाटलं, खोटं बोललो ते बरंच केलं.

"ऐकलास ना, दादा?" ती उठली. "मशीनचा दोष हाय. चल आता घरी. तू पन कवापासून जेवला नायस."

प्रदीप वळला. पण त्याने बहिणीकडे बघितलंच नाही.

"मिस्त्री, कुठला वॉल्व?"

"आर्मचा."

"तो अडकला तं आर्म थांबला कसा?"

अंकुश फडक्याने हात पुसू लागला.

"अडकलेला वॉल्व लिवर सोडून पन ऐकत नाय. येतच राहतो. आमच्या आदीच्या मशीनला झालता तसा." प्रदीप सावकाश, एकेक शब्द शोधत बोलत होता. इतके दिवस तो हेच मनात घोळवत असणार. "हा थांबला. मी हात काढला, तवाच थांबला. मंग कचरा कसा असंल?"

खरं सांगावं तर खटका सांगावा लागणार, आणि खटका बघायचं काम प्रदीपचंच. अंकुशने हातातलं फडकं उगाच उलटंसुलटं केलं. "मशीनचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला. आयुष्यात हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

मंगळीला वॉल्व कळत नव्हता, कचरा कळत नव्हता. ती दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने भावाला विचारलं, "तू हात काढला तवा तो थांबला?"

"हां."

"लगेच?"

"लगेच."

मागे कुठल्याशा कंपनीची बस कामगार भरून निघून गेली.

"मंग हात जरा आदी काढाचा ना, दादा," मंगळी म्हणाली.