सायलेन्सरचा चटका

रॉकेलची चिंधी फिरवून फिरवून शिवय्याचा हात भरून आला, तरी सायलेन्सरवरचा काळा थर हलेना. जावयाची मोटारसायकल उत्तरेश्वर पेठेतल्या त्याच्या दारात उभी होती. जावई महांतेश आत जेवत होता. जेवण झालं की तो शांभवीला घेऊन इचलकरंजीला परत निघणार होता.

याच सायलेन्सरनं शांभवीची पोटरी भाजली होती. गाडीवरून उतरताना पाय टेकला, असं तिनंच सांगितलं होतं. जखम चिघळल्यावर सासरच्यांनी तिला एसटीत बसवून माहेरी पाठवलं. रत्नव्वानं, तिच्या अव्वानं, लेकीची पट्टी रोज बदलली. आता कातडी धरली होती, पण शांभवी अजून पाय ओढत चालायची. तिला परत जायचं नसावं, असं शिवय्याला सकाळपासून वाटत होतं. त्यानं विचारलं नाही. गाडी पुसायला बसला.

तो थर म्हणजे लेकीची जळून चिकटलेली साडी, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. साडी तशीच चिकटलेली असताना गाडी दारातून जावी, हे त्याला सोसवेना. त्यानं उकळतं पाणी ओतलं, लाकडाच्या ढलपीनं खरवडलं, राख लावून तारेच्या घासणीनं घासलं. हळूहळू पापुद्रे सुटले. नुसतं डांबर होतं, त्यात बारीक खडी. साडीचा एक धागा निघाला नाही.

महांतेश हात पुसत बाहेर आला. "कशाला तरास घेतलासा, मामा?" म्हणत त्यानं किक मारली. शांभवी पिशवी घेऊन आली आणि खालमानेनं मागं बसली.

शिवय्या सायलेन्सरपाशी अजून उकिडवाच होता. त्याला लेकीची पाठ दिसली. पाय दिसले नाहीत. ते गाडीच्या पलीकडच्या अंगाला होते.

तो सावकाश उठला.

"पावणं, ही या बाजूला पाय सोडून कधी बसती का?"

"बायका कुठं हिकडनं बसत्यात, मामा?" महांतेश हसला. "लगीन झाल्यापास्नं ती तिकडंच पाय सोडून बसती की."

बोलून झाल्यावर त्याचं हसू विरलं.

शिवय्यानं हात लांबवून किल्ली फिरवली. गाडी बंद पडली. दारात उभी असलेली रत्नव्वा उंबऱ्यावरच खाली बसली.

"उतर, बाळ," शिवय्या म्हणाला. "भाजलं कशानं?"

शांभवी उतरली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही.

"पायाचं तेवढं तुमाला दिसलं, अप्पा," ती म्हणाली. "बाकीचं आत अव्वाला दावते."